हैबतरावांच्या हाती झोळीची दोरी

भाविक हो, सातपुड्याच्या पायथ्याशी रान तोडून पळसवाडी नव्याने वसत होती, तेव्हा गोधडीनाथ महाराज तिथल्या मोहाच्या झाडाखाली उतरले होते. गावाचा नियम होता, अक्षय्य तृतीयेला दिवस मावळेपर्यंत ज्याच्या वाट्यात एकही बुंधा उरणार नाही, जमीन त्याची.

त्या तृतीयेच्या दुपारी ठकूबाईचा एकच बुंधा राहिला होता, सागाचा. नवरा हिवतापाने अंथरुणाला खिळलेला. पोरं नऊ. थोरली मुळ्या वाहत होती, मधली पाण्याला गेलेली, त्यांच्या खालची एकमेकांना बडवण्यात गुंतलेली. झोळीतल्या तान्ह्याची दोरी ओढायला तेवढं कुणी नव्हतं. ठकूबाईने कुऱ्हाड उचलली, की ते टाहो फोडी.

गावाचे कारभारी हैबतराव छडी फिरवत आले. हा वाटा मेव्हण्याला मिळावा, असं त्यांच्या मनात फार दिवस होतं.

"पलटण उभी केलीस, पण बुंधा काही हलेना. तुझ्या महाराजांना सांग की उपटायला."

ठकूबाईला रडू फुटत होतं, पण रडायला तरी सवड कुठली!

एवढ्यात महाराज आले. "कारभारी, माय दमलीय. जरा दोरी धरा, पाच झोके द्या."

"मी? बायकांचं काम?"

"पाचच."

हैबतरावांनी नाक मुरडत पाच झोके दिले. दोरी सोडू गेले, तर हात सुटेना! हिसके दिले, झोळीच्या खांबाला पाय लावून ओढलं, व्यर्थ. थांबले, की पोर किंचाळे. तान्ह्याच्या वरचं शेंबडं पोर त्यांच्या धोतराला नाक पुसून गेलं.

"बुंधा निघाला, की हात सुटेल," महाराज शांतपणे म्हणाले.

मग काय विचारता! हैबतरावच ओरडू लागले, "ठकूबाई, उजवीकडून हाण! ती मुळी आधी तोड, बाई!" मोकळ्या हातांनी ठकूबाईने घावावर घाव घातले. सूर्य डोंगराला टेकला आणि बुंधा आडवा झाला. तत्क्षणी हात सुटला.

हैबतराव महाराजांच्या पायांवर पडायला धावले. महाराज बाजूला सरकले. "माझे कशाला? तुमचा एका दुपारीतच जीव मेटाकुटीला आला. ही रोज करते."

हैबतराव ठकूबाईपुढे वाकले. "बाई, चुकलो. वाटा तुझाच."

तेवढ्यात तान्हं कुरकुरलं. हात आता मोकळा होता, तरी हैबतरावांनी मुकाट्याने दोरी धरली.