आता कागद आम्ही मागतो

माझ्या बहिणीला, रेशमाला, गोवराच्या तापात दवाखान्यातून परत का पाठवलं, याचं धड उत्तर मला कुणीच दिलं नाही. आधारकार्ड नाही, एवढंच म्हणाले. ती वाटेतच गेली.

आठ दिवसांनी दवाखान्याचे मोठे साहेब आमच्या पारधी वस्तीत गोवराची लस घेऊन आले. बाया पोरांना उचलून रानात पळाल्या.

"अडाणी कुठले! फुकटची लसही नको?" साहेब ओरडले.

मी भडकलो. "औषधाला आलो तेव्हा तुम्ही कागद मागितला, साहेब. आज सुई टोचायला कागद लागत नाही, मग बाया भिणार नाहीत? आता कागद आम्ही मागतो. आजारी पोर कागदाशिवाय दवाखान्यात घेऊ, असं लिहून द्या."

साहेबांची मान खाली गेली. त्यांनी लिहून सही केली.

रानात जाऊन, अक्षरं जुळवत, मी तो कागद बायांना वाचून दाखवला. त्या वस्तीवर परत आल्या आणि मीच त्यांची पोरं एकेक करून सुईसाठी मांडीवर धरली.