पाळीतला उंबरठा

कसबे सोनवळच्या थोरल्या तळ्याच्या पाळीवरून चालत गेलं, की नैर्ऋत्येच्या कोपऱ्याशी प्रत्येक नवखा माणूस थबकतो. सगळी पाळ ओबडधोबड काळ्या धोंड्यांची, आणि मधेच एक घडीव उंबरठा. दोन्ही टोकांना कमळं, मधोमध कीर्तिमुख. उंबरठा आहे पण दार नाही, दाराआड घर नाही. पलीकडे थेट तळ्याचं पाणी. जरा पुढे गेलं तर खांबाची बैठक, कोरलेला कोनाडा, पायरीचे दगड, असं कुणाचं तरी अख्खं घर पाळीत उलटंसुलटं बसवलेलं दिसतं.

हल्ली रविवारी टेकडीवरच्या नव्या इमारतींत फ्लॅट बघायला पुष्कळ मंडळी येतात. फ्लॅट बघून झाला की फोटो काढायला तळ्यावर उतरतात आणि विचारतात, हा उंबरठा इथे कसा? तेव्हा पाळीच्या खालच्या घरातून नरहरअण्णा शेटे बाहेर येतात. अण्णांचं वय झालं आहे, गुडघे धरतात, पण ही गोष्ट ते उभं राहूनच सांगतात. बसून सांगायची नाही, असा त्यांच्या घराण्याचा दंडक आहे.

फार पूर्वीची गोष्ट, म्हणे. सोनवळची पेठ तेव्हा भरात होती आणि पेठ वसवायचा मान शेट्यांचा होता. कुणी कोष्टी, तांबट, तेली गावात राहायला आला, की शेट्याने त्याला जागा दाखवायची आणि तळ्याच्या पाळीवरचा एक धोंडा द्यायचा. धोंड्याला हळदकुंकू लावायचं, नव्या फडक्यात बांधायचा, आणि आलेल्या माणसाने तो आपल्या घराच्या पायात घालायचा. आजपासून या तळ्याच्या पाण्यात तुझाही वाटा, असा त्याचा अर्थ. तळं बांधलं तेव्हा बरेच धोंडे उरले होते आणि पाळीवर रचून ठेवले होते. त्यातलेच द्यायचे, अशी मूळची रीत.

आता उरलेले धोंडे कधी संपले आणि पाळीचे स्वतःचे कधी निघू लागले, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं सांगतात. आलंही असेल, कोण जाणे! पण दारी आलेल्याला धोंडा नाही म्हणायचं कुणी? ते पाणी नाकारल्यासारखं झालं असतं. शिवाय प्रत्येकाचा एकच तर धोंडा. एवढ्या मोठ्या पाळीला एका धोंड्याने काय होतंय?

त्या काळी हिरोजी शेटे मानाच्या गादीवर होता. माणूस वाईट नव्हता. गोडबोल्या, हौशी, आल्यागेल्याला ताक पाजल्याशिवाय न सोडणारा. आपल्या हातून पेठ वाढली याचा त्याला भारी अभिमान. नवं घर उठलं की तो मुद्दाम त्या गल्लीतून चक्कर मारायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. आणि एक दिवस त्याच्या मनात आलं, की पेठेला शोभेल असं घर आपलंही असावं. दुसऱ्यांच्या पायात पाळीचा एकेक धोंडा, मग शेट्याचं जोतंच्या जोतं पाळीच्या दगडाचं का नको? मान मोठा तर वाटाही मोठा, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि असलं काही समजावून घ्यायला कुणालाच फार वेळ लागत नाही.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा पाथरवट कामाला लागले. उंबरठ्यासाठी नैर्ऋत्य कोपऱ्याच्या पायातला सगळ्यात मोठा दगड पसंत पडला. तो काढला, त्या जागी माती ठासली आणि वर गवत लावलं. टेकडीच्या उतारावर घर उठू लागलं. लोक बघायला यायचे. आपल्या शेट्याचं घर म्हणून त्यांनाही ते मिरवायला हवंच होतं.

त्या वर्षी पाऊस झकास झाला, तळं काठोकाठ भरलं. श्रावणात एक कासाराचं जोडपं गावात आलं. बाई चंद्राई, नवरा मुलखाचा मुखदुर्बळ. हिरोजीने त्यांना तळाच्या आळीत जागा दिली, रीतीप्रमाणे धोंडाही दिला. नंतर नवरात्र बसलं आणि पाळीच्या खाली, नैर्ऋत्येच्या कोपऱ्याशी, ओल दिसू लागली. आधी नुसती ओल, मग बोटभर धार.

आणि गावाने काय केलं? फुलं वाहिली! तळ्याई प्रसन्न झाली, शेट्याच्या घराच्या मुहूर्ताला नवा झरा दिला, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. बायका ओटी भरून आल्या. चंद्राईने हिरव्या बांगड्या वाहिल्या. गावात नवी असल्यामुळे आपण काही कमी पडायला नको, असं तिला वाटलं असेल. हिरोजीनेही झेंडूची माळ घातली.

माळ घालताना त्याचा हात आत गेला. कोपरापर्यंत गेला, असं सांगतात. आत पाणी बोटं ओढत होतं. हात बाहेर काढला तर मुठीत गाळ आला, पाळीच्या पोटातली माती. हिरोजी त्या तळ्याकाठी जन्मलेला माणूस. त्याला कुणी सांगायला नको होतं. तो उठला, भोवतालच्या बायकांकडे बघून हसला आणि म्हणाला, "तळ्याईची कृपा."

घरी बायकोने, लाडूबाईने, विचारलं, "बाही कशानं भिजली म्हणायची?"

"तळ्यावर तोंड धुतलं," हिरोजी म्हणाला.

दसऱ्याला वास्तुशांत होती. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, आसपासच्या गावांना आवतणं गेलेली. आत्ता पाळ फुटायला आली म्हणावं, तर लोक विचारणार, तिथला दगड कुठे गेला? दसरा पार पडू दे, मग गुपचूप बुजवून घेऊ, असं त्याने ठरवलं. नवरात्राचे ते दिवस त्याने कसे काढले असतील, हे नरहरअण्णा कधी सांगत नाहीत. एवढंच म्हणतात की तो रोज पाळीवर जायचा, बघायचा आणि फूल वाहून परत यायचा.

दसऱ्याला हिरोजीने सगळ्या पेठेला चूलबंद आवतण दिलं होतं. कुणाच्या घरी चूल पेटली नाही, लेकराबाळांसकट सगळे वर टेकडीवर. पहिली पंगत बसली, पोळ्या वाढून झाल्या, आणि खालून भरल्या गाड्या दगडांवरून ओढाव्यात तसा आवाज आला. पाहतात तो नैर्ऋत्येचा कोपरा गेलेला. पाणी तळाच्या आळीत घुसलं. कोष्ट्यांच्या मागांचे खड्डे गाळाने भरले, भिंती बसल्या, दावणीची जनावरं दावणीलाच गेली. दिवस कलायच्या आत तळं रिकामं. गाळात मासे तडफडत होते आणि वर्षाचं पाणी ओढ्याने निघून गेलं होतं.

माणूस मात्र एकही दगावला नाही, कारण खाली माणूस नव्हतंच. सटवा कोष्ट्याचं घर वाहून गेलं होतं. तो म्हातारा पुढे आला आणि त्याने हिरोजीचे पाय धरले.

"शेटे, तुमच्या आवतणानं वाचलो बघा. न्हाईतर समदी गेलो असतो."

मग एकामागून एक सगळेच पाया पडले. हिरोजीने पाय मागे घेतले नाहीत. बायाबापड्या रडत होत्या, दुवा देत होत्या, आणि तो नव्या उंबरठ्यावर उभा राहून दुवा घेत होता. लाडूबाई दाराशी उभी होती. तिने एकदा त्याच्या बाहीकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर गाव बसलं. पाणी नाही, पेठ कशी तगणार? काहींनी गाठोडी बांधायला घेतलीही होती. बोलता बोलता कारणाचा शोध सुरू झाला. कोप झाला तो कशाने झाला? कुणीतरी म्हणालं, यंदा दिलेला धोंडा अपशकुनी निघाला असेल. नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

तेवढ्यात चंद्राई आली. तिच्या डोक्यावर धोंडा होता, मागे नवऱ्याच्या पाठीवर बोचकं. पडलेल्या घराच्या पायातून तिने धोंडा उकरून आणला होता. फडकं तेच होतं, हिरोजीने लावलेलं हळदकुंकू पुसटसं दिसत होतं. तिने धोंडा पारापुढे ठेवला.

"आमी समद्यांच्या मागनं आलो," ती म्हणाली. "आमच्याच धोंड्यानं घात केला आसंल. ह्यो घ्या तुमचा. आमी जातो."

पारावर कुणी हललं नाही. कुणी थांब म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. उलट, खरं सांगायचं तर, सगळ्यांना जरा सुटल्यासारखं झालं. हिरोजीलाही झालं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं, आणि आलेलं त्याचं त्यालाच ऐकू गेलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं. पाळ फुटली तेव्हाही त्याला स्वतःची एवढी शिसारी आली नव्हती.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही म्हणून तो उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, "मला ठाऊक होतं. मी हात घालून बघितला होता." मग त्याने सगळं सांगितलं. उंबरठ्याचा दगड, ठासलेली माती, मुठीतला गाळ, भिजलेली बाही. त्याला वाटलं होतं लोक दगड उचलतील. कुणी उचलला नाही. सटवा कोष्ट्याने आदल्या दिवशी पायांना लावलेले हात उपरण्याला पुसले, तेवढंच.

चंद्राईने विचारलं, "मंग माझ्याकडनं त्या भोकाला बांगड्या का वाहू दिल्यात, शेटेजी?"

हिरोजी पारावरून उतरला.

त्याने पहार घेतली आणि टेकडी चढला. ज्या घराची कालच वास्तुशांत झाली, त्याचा उंबरठा त्याने स्वतःच्या हाताने उपटला. लोक आधी लांबून बघत राहिले, मग एकेक करून हाताखाली आले. पण ते काही केवळ माफी म्हणून नव्हे. आपल्या घराच्या पायातल्या पाळीच्या धोंड्याचं ज्याचं त्याला आठवू लागलं होतं. घर उतरलं, दगड न दगड पाळीत गेला. ज्यांची घरं उभी होती त्यांनी डोंगरातून धोंडे आणून आपापला भरला. पुढच्या पावसाच्या आधी पाळ उभी राहिली.

चंद्राई मात्र राहिली नाही. हिरोजी वेशीपर्यंत तिच्या मागे गेला, म्हणे. हात जोडून म्हणाला, "बाई, तुझा दोष न्हाई, आता तर समद्यांना कळलं. ऱ्हा."

ती म्हणाली, "तुमी खोटं बोलला, त्ये तुमच्यापाशी. पण मी धोंडा डोक्यावर घिऊन उभी व्हते, तवा एवढ्या गावात एकानंबी न्हाई म्हणलं, बाई, खाली ठेव. आसल्या गावात कुणाच्या जिवावर ऱ्हायचं?"

ती गेली. कुठे गेली, ते गावाला कधी कळलं नाही. तिचा धोंडा उंबरठ्याच्या शेजारी बसवला आहे. त्याला कोरीवकाम नाही, पण हळदकुंकू त्यालाच लागतं. हिरोजीने पुढे घर बांधलं नाही. पाळीच्या अगदी पायथ्याशी छप्पर घालून राहिला. पाणी झिरपलं तर पहिलं अंथरूण आपलं भिजावं म्हणून. शेट्यांचं घर अजून तिथेच आहे.

तेव्हापासून रीत उलटी झाली. सोनवळात घर बांधायचं, मजला चढवायचा, तर आधी पाळीला धोंडा द्यायचा. नव्या माणसाने तो एकट्याने आणायचा नाही. जुन्या गावकऱ्यांनी त्याच्याबरोबर उचलायचा. आणि उंबरठ्यापाशी उभं राहून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने म्हणायचं, "मला ठाऊक आहे." मंत्र नाही, आरती नाही, एवढंच. मागाहून कुणाला कानावर हात ठेवता येऊ नयेत.

टेकडीवरच्या इमारतींचा धोंडाही आला होता. फुलांनी सजवलेल्या ट्रकमधून, ताशा लावून, शेकडो बिऱ्हाडांच्या वतीने एकच. तो वाजतगाजत बसला. ज्यांनी घरं घेतली ते कुणी आले नव्हते आणि जे ट्रकबरोबर आले होते त्यांच्यातला एकही ते वाक्य बोलला नाही. गावकरी तिथेच होते. ताशा छान वाजत होता आणि नंतर पेढे होते. कुणी अडवलं नाही. हे सांगताना अण्णा खाली बघतात.

गोष्ट संपली की पाहुणे बहुधा उंबरठ्याचा आणखी एक फोटो घेतात. मग अण्णा त्यांना पाळीच्या खाली घेऊन जातात, आपल्या परसाच्या मागे. गेल्या पावसापासून तिथे ओल आहे, आणि धोंड्यांमध्ये हात जाईल एवढी फट. आजही तिथे कुणीतरी सकाळीच झेंडूचं फूल वाहून गेलेलं असतं. अण्णा गुडघ्यावर हात रोवून वाकतात, फूल उचलून बाजूला ठेवतात आणि पाहुण्यांना म्हणतात, "हात घाला."

कुणी हसून मागे सरतं. कुणी घालतं, आणि भिजलेली बाही घेऊन उभं राहतं.

"ठाऊक झालं ना आता?" अण्णा विचारतात.