सतरंजीवरून उठवलेली सगुणा

एकदा एका बाजारगावी एक वृद्ध सद्गृहस्थ राहत. गावातल्या बायकांना ते धंद्यासाठी कर्ज देत, पण पाचजणींच्या गटालाच. दर सोमवारी पाचही जणी सतरंजीवर बसत. पाचांचे हप्ते पुरे झाल्याखेरीज एकीनेही उठायचे नाही, कुणाचे कमी पडले तर बाकीच्यांनी भरायचे, असा तिथला रिवाज. हाताखाली शिकणाऱ्या शिष्याला ही रीत भलतीच आवडे. एक पैसा बुडत नाही, आणखी काय हवे!

एका गटात सगुणा नावाची कुंभारीण होती. तिचा हप्ता कधी चुकला नव्हता. उलट पापडवाल्या रखमाचे कमी पडलेले दोनदा तिनेच भरले होते. तिला मोठी भट्टी बांधायची होती, पण तेवढ्या कर्जाला उरलेल्या चौघी जामीन राहीनात. भट्टी चालली नाही तर आम्ही कुठून भरायचे, हे त्यांचेही खरेच होते.

एका सोमवारी वृद्धांनी सगुणेला सतरंजीवरून उठवले. तुझे नाव या गटातून काढले, म्हणाले. रखमाला मात्र राहू दिले. सगुणेच्या डोळ्यांत पाणी आले. शिष्य मनातून धुमसला. चोख बाई बाहेर आणि चुकणारी आत, हा कुठला न्याय? बैठक उठल्यावर वृद्धांनी सगुणेला तिच्या एकटीच्या नावावर भट्टीचे कर्ज दिले, तेव्हा कुठे तो निवळला.

भट्टी झाली आणि पहिल्याच खेपेला निम्मी मडकी तडकली. सोमवारी सगुणा अर्धाच हप्ता घेऊन बैठकीच्या दारात उभी राहिली. शिष्याने सवयीने चौघींकडे पाहिले. त्यांनी माना खाली घातल्या. वृद्धांनी उरलेल्या रकमेला मुदत दिली आणि संध्याकाळी स्वतः भट्टी पाहायला निघाले.

वाटेत शिष्य म्हणाला, "गटात असती तर आज हप्ता पुरा झाला असता."

"झाला असता. पण भट्टी झाली नसती," वृद्ध म्हणाले. "रखमा एकटी असली तर एका आजारपणात मोडेल. तिला सोबत हवी. सगुणेला त्याच सोबतिणींची भीती आडवी येत होती. आणि बाबा रे, गटामुळे आपला पैसा बुडत नाही म्हणतोस ना? आपली जोखीम त्या बायका उचलतात, म्हणून बुडत नाही. एकटीला दिले की ती आपण उचलायची."



पुढल्या सोमवारी रखमाचे वीस रुपये कमी पडले. बाकीच्या तिघींकडे न पाहता शिष्याने तिला विचारले, "मावशी, घरी सगळं बरं आहे ना?"