मागाचा शेवटचा फोटो

कॅमेरे आपली लेन्स आपणच निवडत, तेव्हाची गोष्ट. अंधाऱ्या घरातला म्हातारा हातमाग दुसऱ्या दिवशी मोडायचा होता. त्याने कॅमेऱ्याला निरोप धाडला, "लेका, माझा एक फोटो काढून ठेव."

दुकानात परवडणाऱ्या झूम लेन्स दोनच होत्या. ओरखडे पडलेली जुनी म्हणाली, "मला फार लांबचं दिसत नाही. पण मी डोळा मोठा उघडते, थोडा उजेडही पुरतो."

"मावशी, तुम्ही आराम करा," म्हणत कॅमेऱ्याने डोंगरापल्याडचं दाखवणारी नवी लेन्स उचलली.

माग श्वास रोखून उभा राहिला. फोटोत नुसता काळोख उमटला.

सकाळी कॅमेरा मावशीला घेऊन धावत आला. घरात विणकर पाय सोडून बसायचा तो मागाचा रिकामा खड्डा तेवढा उरला होता. मावशीने डोळा मोठा उघडला.

"सगळं स्पष्ट दिसतंय रे," ती हळूच म्हणाली.