यल्लाप्पाची झील

"एका माणसासाठी अख्खं गाणं बुडवायचं का, वस्ताद? तुम्हीच सांगा."

जयसिंगनं हे तिसऱ्यांदा विचारलं. लालसाब वस्ताद ओट्यावर बसून गादीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी दाराशी उभा होतो. मी ढोलकीवाला, पोटासाठी शिलाई मशीन चालवतो. जयसिंग हायस्कुलात मास्तर, सुभद्राताई अंगणवाडीत, यल्लाप्पा डोंगरातल्या खडीच्या खाणीवर. एवढ्या चौघांचं आमचं हौशी शाहिरी पथक. शिकवलं वस्तादांनी, पण गाणी आमची स्वतःची. ती लिहायचा जयसिंग, आणि त्या लेखणीचा त्याला इतका ताठा की विचारू नका.

नवं गाणं मात्र ताठ्याला शोभेल असंच होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

*दगड फुटतो, धूळ उडती, धूळ जाईना घरी,*
*धुळीनं माझ्या छातीमंदी बांधली की ओसरी.*
*ओसरीवर बसून खोकती रात माझी सारी,*
*सांगा मालक, छाती कुणाची, धूळ कुणाची खरी?*

हे सगळं यल्लाप्पानं एकदा चहा पिता पिता सांगितलेलं. जयसिंगनं ते गाण्यात बसवलं.

आणि यल्लाप्पालाच आता काढायचं होतं.

यल्लाप्पा झील धरतो. म्हणजे पुढच्यानं ओळ टाकायची आणि मागच्यानं ती "जी रं जी" करत उचलायची. गेली नऊ वर्षं त्याची झील जरा मागनंच येते. छातीत खाणीची धूळ बसलेली, दम पुरत नाही, मधेच खोकला येतो. वेळेवर यायची कशी?

गेल्या महिन्यात आम्ही कोल्हापूरला जाऊन गाणं रेकॉर्ड केलं. तिथल्या माणसानं दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाला, "हे मागचे काका नकोत." यल्लाप्पाला बाहेर पायरीवर बसवलं. झील सुभद्राताईंनी धरली. यल्लाप्पा चार तास पायरीवर बसून राहिला, आणि परत येताना एसटीत त्यानंच मला विचारलं, "बरं झालं न्हवं गाणं?"

मी "झकास" म्हणालो. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते अजून.

"बुडवायचं का म्हणजे?" वस्तादांनी दोरा दातानं तोडला. "बुडवतंय कोण?"

"तो बुडवतोय! उद्या जत्रेत दुपारी चारला आपलं गाणं आहे. पाच हजार माणूस असेल. सगळ्यांनी मोबाईलवर ऐकलंय. तसंच झालं पाहिजे. यल्लाप्पा उभा राहिला की ताल गेलाच म्हणून समजा. तुम्ही मला डफ द्या, आशीर्वाद द्या. बाकीचं मी बघतो."

आमच्यात तशी रीत आहे. नवं गाणं गावात पहिल्यांदा म्हणायचं तर डफ वस्तादांच्या हातनं घ्यायचा. ज्याच्या हातात डफ, तो पुढं. डफाशिवाय कुणी उभं राहिलं तर सुभद्राताई तुणतुण्याला हात लावायच्या नाहीत.

"ऐकव," वस्ताद म्हणाले.

जयसिंगनं मोबाईल लावला. वस्तादांनी डोळे मिटले. गाणं संपलं.

"ग्वाड हाय."

जयसिंगनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आडवा आलो होतो.

"परत लाव."

परत लावलं. वस्ताद या वेळी मोबाईलजवळ कान नेऊन ऐकत होते.

"जयसिंग... ह्यात तू दम कुठं घेतलायस रं?"

"ते काढून टाकलं, वस्ताद!" जयसिंग खुशीत आला. "रेकॉर्डिंगवाल्यानं एकेक श्वास शोधून कापला. एकही कुठं ऐकू येणार नाही. हल्ली असंच करतात."

"असं व्हय? मग म्हण की तसंच."

"कसं?"

"तसंच. दम न घेता. चारी ओळी."

जयसिंग हसला. वस्ताद हसले नाहीत.

तो उभा राहिला, छाती भरली आणि सुरू झाला. पहिली ओळ खणखणीत गेली. दुसरी गेली. तिसरीला मानेच्या शिरा टराटरा फुगल्या, आणि "सारी"पाशी तो जो थांबला तो ओट्याचा खांब धरूनच.

"पुन्यांदा."

पुन्हा तिसरीलाच अडला.

"पुन्यांदा."

या खेपेला दुसऱ्या ओळीतच ठसका लागला. इतका खोकला, इतका खोकला की डोळ्यांतनं पाणी आलं. मी तांब्या पुढं केला. त्यानं तो ढकलला.

"माणूस आहे मी, वस्ताद!" तो ओरडला. "मशीन नव्हे!"

वस्तादांनी सुईत दोरा ओवला.

जयसिंग मटकन खाली बसला. आणि मग जे पोटात होतं ते त्याच्या ओठावर आलं.

"मालक म्हणाले," तो हळू म्हणाला. "यल्लाप्पाच्या खाणीचे, खडीच्या क्रशरचे मालक. मांडव त्यांचा, माईक त्यांचा. गाणं त्यांनाही आवडलंय. म्हणाले, खुशाल म्हणा. तो खोकणारा माणूस तेवढा स्टेजवर नको."

"आन् तू काय म्हनलास?"

"...बरं म्हणालो."

मला हे ठाऊक होतं. त्या वेळी मी तिथंच होतो आणि मीही मुंडी हलवली होती. सांगायला लाज वाटते, पण हलवली होती.

वस्ताद उठले. गुडघे धरत आत गेले आणि डफ घेऊन आले. जयसिंगनं दोन्ही हात पुढं केले. वस्तादांनी डफ त्याच्या हातात दिला.

"जा, यल्लाप्पाला दे. उद्या त्यो म्होरं. तू मागं. झील तू धरायची."

"मी?" जयसिंग ताडकन उठला. "गाणं माझं आहे, वस्ताद! शब्द न् शब्द माझा आहे!"

"तुझंच हाय. म्हनून तर झील तुला दिली."

"आणि त्यांनी माईक बंद केला तर?"

"माईक त्यांचा हाय. तोंड कुनाचं हाय?"

जयसिंग तरातरा निघाला. पायताण एक घातलं, एक हातात. मला वाटलं, डफ वाटेत फेकून देतोय हा. मी मागं मागं गेलो. चौकात तो घराकडं वळला, दहा पावलं गेला, थांबला. मग "च्यायला!" म्हणाला आणि खाणीच्या रस्त्याला लागला.

यल्लाप्पानं डफ बघितला आणि हात मागं घेतला. "मला न्हाय जमायचं, मास्तर. मी ल्येट हुतो."

"तू पुढं असल्यावर लेट कुणापेक्षा होणार?" जयसिंग खेकसला. "धर गप!"

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही स्टेजवर चढलो. यल्लाप्पा पुढं, हातात डफ, अंगात धुतलेला सदरा. जयसिंग मागं. मालक पहिल्या खुर्चीवर होते. त्यांनी यल्लाप्पाला बघितलं आणि शेजारच्या माणसाच्या कानात काही सांगितलं. तो माणूस माईकच्या मशीनकडं गेला.

वस्ताद खाली सतरंजीवर बसले होते, बायाबापड्यांत.

यल्लाप्पानं सुरुवात केली. आवाज फाटका, ओळ संथ. "बांधली की ओसरी" म्हणताना तो मधेच थांबला, दम घेतला, पुढं गेला. मागनं जयसिंगनं झील उचलली. अशी झील मी त्याच्याकडनं कधी ऐकली नव्हती. थांबून थांबून, यल्लाप्पाच्या मागोमाग, त्याला कुठंही न ढकलता. खाणीवरची माणसं उठून पुढं सरकली.

तिसऱ्या ओळीला माईक बंद झाला.

"उतरा आता! झालं गाणं!" मालक उभे राहिले.

"झालं नाही," जयसिंग म्हणाला. माईक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते. "चौथी ओळ तुमच्यासाठीच आहे. बसा खाली."

आमचा मास्तर! हेडमास्तरपुढं कधी मोठ्यानं न बोललेला!

यल्लाप्पानं चौथी ओळ उचलली. "सांगा मालक..." म्हणाला, आणि खोकला आला. साधा नव्हे, आतनं उपटून काढणारा. डफ छातीशी धरून तो वाकला. खोकतोय, खोकतोय, थांबेना. मालकांनी तोंड फिरवलं. सुभद्राताईंनी पदर तोंडाशी धरला. जयसिंग त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, पण ओळ त्यानं स्वतः उचलली नाही.

माझे हात आपोआप ढोलकीवरनं खाली आले. आता काय वाजवायचं? गाणं राहिलंय कुठं?

तेवढ्यात खालनं, सतरंजीवरनं, वस्तादांचा आवाज आला. माझ्यावरच ओरडले.

"हात का थांबला रं तुझा? त्यो गातोय न्हवं!"