ओंजळभर माती

“...मग लोकांनी आपलं नाव घ्यावं म्हणून करायचं तरी काय, वस्ताद?”

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. तालमीच्या हौद्यात उकिडवे बसून ते लाल मातीत ताक कालवत होते. बहात्तरी उलटली, तरी माती मळायचं काम त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिलं नव्हतं.

काठावर धैर्यशील खोत उभा होता, मोबाईल मुठीत धरून. त्यांचा जुना चेला. एके काळी त्याच्या धोबीपछाडीपुढं भल्याभल्यांनी हात टेकले होते. मग गुडघा गेला आणि पठ्ठ्या कॉम्प्युटरवर बसला. आखाड्यातली ऐट मात्र अंगातून गेली नाही. खुर्चीतसुद्धा तो छाती काढूनच बसायचा.

आज छाती आत होती.

गोष्टच तशी होती. उंबरवाडीच्या तालमीत पोरं उरली होती सात. पंचायतीनं ठरवलं होतं, दसऱ्यापर्यंत वीस झाली तर तालीम राहील, नाहीतर हौदा बुजवून तिथं मशिनची जिम येईल. हल्ली पोराला कुस्तीला कुठं घालायचं, हे आईबाप मोबाईलवर शोधतात. म्हणून धैर्यशीलनं तालमीची वेबसाइट काढली. एकेक डाव तीन-तीन फोटोंत दाखवला. रात्रीचा दिवस केला.

पण सर्च केलं की पहिलं नाव यायचं शहरातल्या एका मॅटवरच्या कुस्ती केंद्राचं. उंबरवाडी चौथ्या पानावर. आणि लग्नातल्या चौथ्या पंगतीला जे उरतं, तेच चौथ्या पानाच्या वाट्याला येतं.

“नाव घ्यायचं म्हंजे कसं?” वस्तादांनी विचारलं.

“म्हंजे दुसऱ्यांच्या साइटवर आपल्या साइटचा पत्ता पायजे. बॅकलिंक म्हणतात त्याला. त्यावर बोट ठेवलं की माणूस थेट आपल्या दारात. चांगल्या लोकांनी असा पत्ता दिला, की सर्चवाल्यांना कळतं, हितं कायतरी दम हाय. मग ते आपल्याला वर घेतात.”

“बरोबर हाय की. पैलवान केवढा, ते पैलवानानं स्वतः सांगून चालत न्हाई.”

“तेच तर! पण कोण सांगतच न्हाई आपलं. त्या मॅटवाल्यांचं सगळी सांगत्यात. मातीचा वास तरी ठावं हाय का त्यांना?”

“ते असू दे. तू काय केलंस?”

“...इकत घेतल्या.”

“काय?”

“लिंका. एक कंपनी हाय. आठ हजार साइटींवर आपला पत्ता टाकला त्यांनी. आठवड्यात.”

“आठ हजार! कोण माणसं ती?”

“कुणी गोळ्या इकणारं. कुणी जुगारवालं. कुणी परदेशातलं... मला तरी कुठं म्हायती.”

“त्यांनी तुझी कुस्ती बघितलीया?”

“न्हाई.”

“माझी?”

“न्हाई, वस्ताद.”

ताकातला हात थांबला.

“म्हंजे नुरा.”

धैर्यशीलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नुरा म्हणजे आधी ठरवून लढलेली खोटी कुस्ती. या तालमीत नुरा लढणाऱ्याचा लंगोट वस्ताद स्वतः खुंटीवरून काढून रस्त्यावर टाकायचे. आणि सोळा वर्षांचा असताना, एका जत्रेत, ‘नुरा! नुरा!’ म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता तो हाच धैर्यशील.

“पुढं?”

“अकरा दिवस पहिल्या नंबरावर होतो. बाराव्या दिवशी सर्चवाल्यांनी वळखलं. आता... आता गावाचं, तालमीचं, सगळं नाव घालून शोधलं तरी आपण दिसत न्हाई. चौथ्या पानावर तरी होतो, वस्ताद. तेवढंबी माझ्यापायी गेलं.”

तो शिव्यांची वाट बघत होता. वस्तादांच्या शिव्या खाऊनच तो मोठा झाला होता. त्या पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वस्तादांनी ओंजळभर माती उचलली आणि त्याच्या नाकापुढं धरली.

“वास घे.”

ताक, हळद, लिंबू, गोडं तेल. आणि खाली ओल्या मातीचा तो वास, जो धैर्यशीलच्या अंगाला दहा वर्षं चिकटून होता.

“कुठली माती?”

“आपली.”

“आपली कसली! बोरपाडीची हाय, आसळ्याची हाय. ज्यानं ज्या हौद्यात जाऊन कायतरी शिकलं, त्यानं तिथली ओंजळ आणून हितं मिसळली. रीतच हाय आपली. तू न्हाईस व्हय आणलीस?”

आणली होती. तीन गावांची. विसरला होता.

“ह्यात सगळ्यांत पहिली ओंजळ कुणाची, ठावं हाय?”

“न्हाई.”

“करंजोळच्या सदू मान्याची. भर जत्रंत तीन मिनिटांत धोबीपछाडीनं चीत केला मला त्यानं. दुसऱ्या दिवशी चालत गेलो त्याच्या दारात. म्हणलं, कसं पाडलंस ते दाव. त्यानं दावलं. जेवाय घातलं. येताना माती मागून आणली.”

“ज्यानं पाडलं त्याची?”

“त्याचीच आदी.”

ताडपत्रीवरून एक साळुंकी टुणटुणत गेली.

“तू बारका होतास तवा एका पुढाऱ्यानं टिप्परभर माती धाडली होती,” वस्ताद म्हणाले. “ध्यानात हाय?”

धैर्यशीलला चांगलं आठवत होतं. एका सकाळी हौदा काठोकाठ भरला होता. पोरं नाचली होती. आठ दिवसांत सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, आणि एकाच्या पाठीत बाटलीची काच गेली.

“लाल दिसत होती,” तो म्हणाला.

“व्हय. लाल दिसत होती. मग काय केलं आपण?”

“सगळी उपसली. घमेल्यानं. वीस दिवस.”

“मग? घमेलं हाय का न्हाई तुझ्या मोबाईलात?”

होतं. ज्या साइटी नकोत त्यांची यादी करून ‘यांचं बोलणं धरू नका’ असं सर्चवाल्यांना कळवता येतं. पण आठ हजारांची यादी! नुसत्या विचारानंच धैर्यशीलला धाप लागली.

वस्ताद पुन्हा ताकाकडं वळले. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या साइटीवर धोबीपछाडीखाली काय लिव्हलंयस?”

धैर्यशीलनं वाचून दाखवलं. “उंबरवाडी तालमीची खासियत.”

“खासियत...”

वस्तादांनी एवढंच म्हटलं. माती मळता मळता पुन्हा एकदा म्हटलं, “खासियत.”

यादी करून धाडायला धैर्यशीलला नऊ दिवस लागले. डोळे सुजले. दहाव्या दिवशी तो मोटारसायकल काढून करंजोळला गेला.

सदू माने जाऊन पंधरा वर्षं झाली होती. घरी नात भेटली, तेजस्विनी. कॉलेजात खेळांची प्राध्यापक. धैर्यशीलनं बदललेलं पान त्यांच्यापुढं धरलं. तिथं लिहिलं होतं, ‘ही धोबीपछाड करंजोळच्या सदाशिव माने यांची. त्यांनी आमच्या वस्तादांना पाडलं, आणि मग ती शिकवली.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पदर डोळ्यांना लावला.

“आजोबांचं नाव छापलेलं मी कुठंच बघितलं नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “घोटभर चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.”

परड्यातल्या मोडक्या हौद्यातली ओंजळभर माती त्यांनी स्वतः फडक्यात बांधून दिली. चार दिवसांनी त्यांच्या कॉलेजच्या साइटवर एक ओळ आली. ‘आमच्या आजोबांचा डाव इथं नीट सांगितला आहे.’ खाली उंबरवाडीचा पत्ता.

एक लिंक.

आठ हजार आल्या तेव्हा धैर्यशीलनं आकडा पाहून मांडीवर थाप मारली होती. ही एक आली तेव्हा तो ती ओळ पुन्हापुन्हा वाचत राहिला. बायको म्हणाली, “काय झालं?” त्यानं मोबाईल तिच्यापुढं धरला. कुणीतरी कुस्ती पाहून आपल्या पाठीवर हात ठेवला, असं काहीसं वाटत होतं.

मग त्याला नादच लागला. सकाळी वस्तादांपाशी बसायचं, हा डाव कुणाचा, तो कुणाचा विचारायचं, आणि गाडीला किक मारायची. बोरपाडीत एकाच्या घरून हाकलून दिलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. आसळ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी त्याच्या तीन चुका काढल्या. त्यानं त्या दुरुस्त केल्या आणि चुका कुणी काढल्या तेही लिहिलं. गुरुजींनी आपल्या गावाच्या इतिहासाच्या साइटवर पत्ता दिला, तोही ‘चूक सुधारणारी माणसं’ असं लिहून. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यानं ते वाचलं. पुढचं आपसूक होत गेलं.

एका संध्याकाळी त्यानं एक पान कुणाला न विचारता लिहिलं. डावाचं नव्हे, गुडघ्याचं.

गुडघा गेला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि त्याला जगायचं नव्हतं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण पाय वाकेना. वस्ताद वर्षभर रोज पहाटे त्याच्या घरी यायचे. डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम करून घ्यायचे, तेल चोळायचे आणि गप्प निघून जायचे. ‘पुन्हा लढशील’ असं ते एकदाही खोटं बोलले नाहीत. बरोबर वर्षानं म्हणाले, ‘आता चालत तालमीत ये, मी येणार न्हाई.’ तो चालत गेला. हे त्यानं जसंच्या तसं लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘मी आज ज्या पायावर उभा आहे तो त्यांचा आहे.’

वस्तादांना चष्म्यानंही नीट दिसत नसे. धैर्यशीलनं पान वाचून दाखवलं.

वस्तादांनी हौद्यातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

“तेल कुणाचं व्हतं, लिव्हलंस का?”

“...तेल?”

“वर्षभराचं तेल. मी कुठनं आणणार? शेवंता तेलीण देत हुती. पोराच्या पायाला म्हणलं की घाण्यावरचं ताजं.”

धैर्यशील उठला तो थेट शेवंताकाकूंच्या दारात गेला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हातारीला काही कळेना.

“आरं, अजून दुखतोय व्हय पाय? थांब, तेल देते.”

आणि खरंच बाटली घेऊन आली. त्या बाटलीचा फोटोही मग पानावर गेला, काकूंच्या नावासकट. पुण्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी ते पान आपल्या पेशंटांसाठी स्वतःच्या साइटवर लावलं. उंबरवाडीच्या दारात सगळ्यांत जास्त माणसं त्या पानावरून आली. कुणाचा पोरगा, कुणाचा पुतण्या, एक बाप तर दोन लेकी घेऊन आला.

दसऱ्याला हौद्याची पूजा झाली तेव्हा पोरापोरींची मोजणी झाली. तेवीस. सरपंचांनी दोनदा मोजलं, आणि तिसऱ्यांदा मोजताना आपला नातू पुढं ढकलून चोवीस केले.

धैर्यशीलनं गोळा केलेली एकोणीस गावांची माती वस्तादांनी हौद्यात सोडली. वर गुलाल, वर नारळाचं पाणी. धैर्यशीलला रडू आवरेना. त्यानं आवरलंही नाही. आपल्याला एवढ्या माणसांनी घडवलं, आणि आपण इतकी वर्षं छाती काढून एकटेच मिरवत होतो, याची लाज वाटत होती, आणि त्याहून मोठं सुख वाटत होतं.

माणसं पांगल्यावर तो वस्तादांपाशी आला. मोबाईल पुढं केला.

“वस्ताद, बघा. दुसऱ्या नंबरला हाय आपण! एकबी लिंक इकत न घेता.”

“झ्याक.”

“आता वर फक्त ते मॅटवाले. एवढं त्यांना खाली ओढलं की झालं.”

वस्तादांनी मोबाईल हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरून त्यावरचा धोबीपछाडीचा फोटो बघितला. मग दुसरा. मग तिसरा.

“डाव असा तीन-तीन फोटूंत दावायचं... कुणाचं बघून शिकलास?”

“...त्यांचंच, वस्ताद.”

“मग त्यांची ओंजळ कुठं हाय?”

“पण वस्ताद, ती मॅटवाली माणसं! त्यांच्याकडं माती कुठली?”

वस्तादांनी मोबाईल त्याच्या हातात परत दिला आणि हौद्याच्या काठावरचं रिकामं फडकं झटकून त्याच्या खांद्यावर टाकलं.

“त्यांच्या दारातली आण.”