खाडजाईच्या पदकाची डावी बाजू

सावरदांड्याच्या खाडजाई देवीचं पदक पाहिलं की पाहुणे हटकून म्हणतात, "सोनार चुकला वाटतं!" उजवीकडे वेलीत बसलेला पक्षी, डावीकडे नुसती पानं आणि डाव्या टोकाला लोंबणारा एकच मणी. हे ऐकलं की देवळाचे म्हातारे गुरव, धाकूबाबा, वैतागतात. "चुकला नाही हो! आधी ऐका तरी," म्हणतात आणि सांगायला बसतात.

फिरंग्यांच्या काळातली गोष्ट. नागूशेट सोनाराची एकुलती लेक भिवरा देवीच्या रोगाने आजारी पडली, तेव्हा बाप नवस बोलला, की पोर जगली तर खाडजाईला कुणी पाहिलं नसेल असं पदक घडवीन. पोर जगली, पण चेहऱ्याची डावी बाजू व्रणांनी भरली. पुढे एका फिरंगी खलाशाने नागूशेटला त्याच्या मुलखातला छापील कागद दिला. त्यावर पदकाचं चित्र होतं. नागूशेटने तो खाडजाईच्या पायांशी ठेवून शब्द दिला, "यातली रेघही बदलणार नाही."

तिथेच माशी शिंकली. पक्ष्याची बाजू जड, पानांची हलकी. पदक टांगलं की तिरकं. वितळवलं, पुन्हा घडवलं, पुन्हा तिरकंच. "कागदावर सरळ नि गळ्यात वाकडं! कुठल्या आडमुठ्याने काढलंय हे?" म्हणून तो हातोडी आपटायचा. घरात कुणी त्याच्याशी बोलायला धजत नसे, म्हणे.

खाडजाईच्या पालखीच्या दिवशी सकाळी तोच खलाशी आला. त्याचा बाप तिकडे सोनार होता. पदक पाहून तो पोट धरून हसला. "अरे, ही दोन पदकं! एका कागदात बसावीत म्हणून दोन्ही अर्धी-अर्धी काढतात. आवडेल ती बाजू घ्यायची आणि दोन्हीकडे तीच घडवायची. वितळव हे."

नागूशेट चरफडत उठला आणि त्याने मूस शेगडीवर ठेवली. भिवरा नेहमीसारखा तोंडावर पदर ओढून भाता चालवायला आली. वाऱ्याने पदर सरकला. बापाची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली आणि हात थांबला.

"दोन बाजू सारख्या नाहीत म्हणून मोडायचं, तर माझ्या पोरीचं काय करू रे?" तो खलाशावर ओरडला.

त्याने हलक्या बाजूला सोन्याचा एक मणी ओवला. पदक सरळ झालं. संध्याकाळी भिवराने ते खाडजाईला घातलं, पदर न ओढता, असं सांगतात.

आजही सावरदांड्यात नवरीचं पदक दोन बाजूंनी वेगळंच घडवतात. शेवटचा मणी ओवताना सोनार त्या कागदावर चित्र काढणाऱ्याच्या नावाने खडे फोडतो, "मेल्या, दोन पदकं आहेत अशी बाजूला खूण तरी करायचीस!" ते ऐकल्याशिवाय नवरीची आई दागिन्याला हात लावत नाही.